पुस्तकाचा वानोळा

माझं पहिलं पुस्तक अर्ध्या जिल्ह्यानं वाचलं आणि जवळजवळ कोणीच विकत घेतलं नाही. याचं सगळं श्रेय माझ्या साडूला जातं.

साडूची सारंगखेड्याच्या अलीकडे केळीची बाग. माणूस मनानं मोठा, हे मी चिडलेला असतानाही कबूल करतो. पुस्तक निघालं तेव्हा त्याला सही करून एक प्रत दिली, हा माझा गाढवपणा. आठवड्याभरात त्याचा फोन आला. "साडूभाऊ, तुमनं पुस्तक पूरं मोबाईलमा लिधं. एकबी पान सोडं नही." विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दोन दुपारी बसून त्यानं पानन्‌पानाचे फोटो काढले, त्यांची पीडीएफ केली आणि भावकीचा ग्रुप, केळीवाल्यांचा ग्रुप, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजाराचा ग्रुप, सगळीकडे सोडून दिली. बऱ्याच पानांच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आला आहे. माझ्या पुस्तकात चित्रं नव्हती, ती उणीव अशी भरून निघाली.

मी म्हटलं, "अहो, ही चोरी झाली."

त्याला खरोखर वाईट वाटलं. "चोरी कसानी? वानोळा शे हाऊ."

शेतात पहिला माल निघाला की आमच्याकडे थोडा पिशवीत भरून सोयऱ्याधायऱ्यांकडे, शेजाऱ्यांकडे पोचवतात. तो वानोळा. त्याबद्दल कोणी काही मागत नाही, मागितलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आता चोरीला कायदा आहे, वानोळ्याला कुठला कायदा लावणार? मी म्हटलं, "वानोळा शेतवाल्यानं वाटायचा असतो, आणि तोही पिशवीभर. तुम्ही माझी आख्खी बाग कापून वाटलीत." तो शांतपणे म्हणाला, "बाग कोठे कापी? तुमनं पुस्तक तुमनाकडे शेच ना." जन्मभर शाळेत मुलांना निबंध शिकवले, त्या सवयीनं मी या वाक्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

नुसता माझ्या मानाचा प्रश्न असता तर मी अपमान गिळला असता. पण प्रकाशकानं आधीच सांगून ठेवलं होतं, पहिल्या पुस्तकाचे गठ्ठे हलले तरच दुसरं. आणि दुसरं पुस्तक आक्काचं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, साडूच्याच गावात दिलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. चुलीपासून गोठ्यापर्यंतचे अहिराणी शब्द तिनं सांगितले, मी लिहून घेतले. आता तिला नीट दिसत नाही. मी गेलो की पाणी द्यायच्या आधी विचारते, "पुस्तक उनं का रे भाऊ?" तिला वाचायचं नव्हतंच. तिला ते हातात धरायचं होतं.

इकडे वाचक वाढत होते. नवापूरहून एका गृहस्थांनी फोन करून झापलं, "सर, सातवं प्रकरण फार पुसट आहे. जरा स्वच्छ फाईल पाठवा." मी चक्क माफी मागितली. एकानं कळवलं की त्याच्या फोनात जागा नव्हती, म्हणून मला ठेवून त्यानं पुतण्याच्या हळदीचे व्हिडिओ उडवले. एवढा सन्मान मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. वाचनालयातून पुस्तक नेलं तर निदान परत करावं लागतं, वानोळा कोण परत करतो?

घरी मी लेखकाच्या हक्कांवर तावातावानं बोलू लागलो. बायकोनं माझाच मोबाईल उचलून पुढे धरला. त्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ खच्चून भरलेल्या, कोणी कोणी पाठवलेल्या. त्यातली एकही मी विकत घेतली नव्हती. मी म्हटलं, "ते अभ्यासासाठी आहे." ती हसली आणि भाजी निवडायला लागली.

शेवटी प्रकाशकाचा नकार आला. अगदी गोड भाषेत. गठ्ठे होते तिथेच आहेत, दुसऱ्याचं धाडस होत नाही. हे आक्काला फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मी गावी गेलो. साडू मला भेटायला म्हणून तिच्या ओट्यावर येऊन बसला होता, केळीचा फणा घेऊन. मी सांगितलं की पुस्तक निघणार नाही. का, तेही त्याच्याकडे बघून सांगितलं. माझा आवाज चढला होता.

साडू जरासाही डगमगला नाही. "एवढंच ना? लिखानं काम तुमनं, पीडीएफनं काम आमनं."

आक्कानं केळीचा फणा बाजूला सारला. तिनं विचारलं, "ते हातमा धरता येस का?"

"येस ना," म्हणत साडूनं माझ्या पहिल्या पुस्तकाची पीडीएफ उघडली आणि मोबाईल तिच्या ओंजळीत ठेवला. तिनं तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

"विझनं," ती म्हणाली आणि मोबाईल त्याला परत दिला.