चार पदरी गाळलेलं पाणी

मी माझ्या बापाला अडाणी म्हणाले होते.

तेही फोनवर, लॅबमध्ये चार माणसं ऐकत असताना.

आज आबाला जाऊन वर्ष झालं. हे एकदा लिहून टाकायचंच होतं.

आबा जन्मभर धरमतरच्या खाडीकाठी मिठागरावर राबला. मी मुंबईच्या लॅबमध्ये मिठागराच्या पाण्यातल्या बारीक शेवाळावर काम करते. आमचं स्पेक्ट्रल फ्लो सायटोमीटर एकेका पेशीवर लेझर टाकतं. पेशी चमकते. त्या उजेडात कुठकुठले रंग आहेत ते मशीन वाचतं आणि त्यावरून शेवाळ ओळखू येतं.

आबाला हे सांगितलं तर म्हणाला, "पाणी लाल दिसलं की मीठ येणार. मला मशीन लागत नाय."

तरी सॅम्पल आणायचं काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं. पेणहून एसटीनं मुंबईला माझ्या घरी आला. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर धरून आणलेली.

मशीन मी दोन आठवडे आधी बुक केलं होतं.

स्क्रीनवर काहीच नाही. चार-पाच ठिपके, बस्स.

फोन लावला तर आबा खुशीत. "घाण पाणी तुझ्या हापिसात कसं द्यायचं गो? चार पदरी गाळून दिलंय."

मला ती घाणच हवी होती! माझा तोल गेला आणि मी तो शब्द बोलले.

आबा एवढंच म्हणाला, "बरं. परत आणतो."

आणलं. पुढे तीन वर्षं, न गाळता, आणत राहिला. माझा रिसर्च पेपर छापून आला, कौतुक झालं, पेढे वाटले.

सॉरी तेवढं राहिलं. आमच्याकडे बापाला सॉरी म्हणायची पद्धत नाही, आणि मी तिच्याआड लपले.

तो गेल्यावर त्याची पेटी आवरली. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. चार घड्या. मधोमध वाळलेला लालसर डाग.

आईला विचारलं.

"तुझं पाणी गाळलेलं फडकं हाय ते. मी धुवायला काढलं तर माझ्यावर खेकसला. पोरीला गाळच हवा होता, म्हणाला."

मग मला दिलं का नाही?

"तू परत रागावशील म्हणून."

माझ्या रागाला घाबरला माझा बाप. हे काही केल्या मनातून जात नाही.

त्या डागात आता मशीनला काही सापडायचं नाही, मला माहीत आहे. फडकं मी अजून धुतलेलं नाही.

पाया पडते, आबा. तुझं सॅम्पल मिळालं.

चुकलं माझं.