आप्पांनी बदललेलं एक कलम

राहू गावाहून आप्पांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात होते. आप्पा गेले, एवढंच ती बोलली... त्याला आता दीड महिना झाला.

आप्पा इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. काही वर्षांपूर्वी भ्रष्टाचाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा स्वतः केलेला अनुवाद ते टाईप करायला घेऊन आले. देशोदेशीच्या नागरिक संघटनांनी मागे लागून सरकारांना त्यावर सह्या करायला लावल्या, आपल्याही सरकारनं सही केली, मग गावाला ते कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. आम्ही चौघापाचांनी पुस्तिका छापली आणि शिरूर-दौंडच्या ग्रामसभांतून वाटली. टाईप करताना एका कलमापाशी मी अडले होते. तक्रारदाराला संरक्षण देण्याचा सरकार ‘विचार करील’, असं मूळ इंग्रजीत होतं. आप्पांनी ‘संरक्षण देईल’ लिहिलं होतं. विचारल्यावर म्हणाले, नुसता विचार करणार म्हटल्यावर कोण पुढं येईल? मी मुकाट्यानं तसंच टाईप केलं.

सुनीता पुढं आली. ती एका ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करायची. कागदावर खोदलेल्या, पण शिवारात कुठंच नसलेल्या विहिरींची तक्रार तिनं स्वतःच्या नावानं केली. आठवड्यात ते नाव गावभर झालं, महिन्याभरात काम गेलं, सासरच्यांनी बोलणं टाकलं. आप्पा पुस्तिका घेऊन कचेऱ्यांतून हिंडले. एका साहेबानं मूळ इंग्रजी मोबाईलवर काढलं, कलम वाचलं आणि शांतपणे म्हणाला, “गुरुजी, इथं ‘विचार करील’ असं आहे. विचार चालू आहे.” मी शेजारीच उभी होते. आप्पांनी पुस्तिका मिटून पिशवीत घातली.

त्यानंतर ते कुठल्याच ग्रामसभेत बोलले नाहीत. सुनीता रांजणगावच्या एका कंपनीत ठेक्यावर लागली होती. तिच्या खोलीवर जाऊन त्यांनी आपण काय बदललं ते सांगितलं.

“तुम्ही लिवलं व्हतं म्हनून मी सही केली, आप्पा,” ती म्हणाली. मग तिनं चहा ठेवला. ती रागावली असती तर त्यांना सोसलं असतं.

मग एसटीनं दुकानात येऊन ते दिवसभर बसायचे आणि उरलेल्या पुस्तिकांतला एकेक ‘देईल’ लाल शाईनं खोडून वर ‘देण्याचा विचार करील’ लिहायचे. राहू द्या म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. अक्षर तेच वळणदार, मास्तरी.

गठ्ठा माझ्या कपाटात आहे. मागायला कुणी येत नाही. तळाच्या दहा-बारा प्रती त्यांच्या हातून राहून गेल्या. त्यांत अजून संरक्षण मिळतं.