केरबाचा कर्णा

केरबा गेला ही बातमी मला ज्या आवाजात कळली, तो आवाज केरबाने आपल्या दारातसुद्धा उभा केला नसता. वसमतच्या बसस्टँडवर मी भजी खात उभा होतो आणि मोबाइलच्या त्या चिमणीच्या डोळ्याएवढ्या स्पीकरमधून त्याची लेक उज्ज्वला काय सांगतेय ते मला कळेना. शेजारी रसवंतीचे घुंगरू वाजत होते. एक कान बोटाने दाबून मी आपला "मोठ्यानं बोल, मोठ्यानं" असं ओरडत लांब लांब सरकत गेलो. शेवटी ऐकू आलं, "काका, बाबा गेले." आणि मी, वर्गात पोरांना मठ्ठ म्हणणारा माणूस, विचारलं, "कुठं गेले?"

...हळद शिजवण्याचे दिवस होते. भर दुपारी कढईजवळ बाजेवर टेकला, तो उठलाच नाही. या गोष्टीला आता महिना उलटून गेला, पण माझा तो प्रश्न काही माझ्या कानातून जात नाही. केरबा असता तर म्हणाला असता, "मास्तर, कान धुऊन ये."

केरबा वसमतजवळच्या हट्टा गावचा. घरी शेती आणि मेंढरं, दोन्ही. आमची दोस्ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, म्हणजे आम्ही दोघं त्या वर्षात एकत्र नापास झालो तिथपासूनची. तो घरी जाऊन मेंढरांमागे लागला. मी चित्रकलेचा डिप्लोमा करून वसमतच्या एका शाळेत मास्तर झालो. तो म्हणायचा, दोघांचं काम सारखंच, फक्त त्याचा कळप ऐकतो. आवाजाचं वेड मात्र त्याचं एकट्याचं. लग्नाच्या मांडवात तो जेवायचं सोडून भोंगेवाल्याशी भांडत बसे. मी नुसता सोबत असे. सोबत असणं आणि मधे सल्ला देणं, ही माझी दोन कामं, आणि दुसऱ्या कामानेच सगळी तकलीफ झाली.

त्याची आई धुरपतामाय. नव्वद सालानंतर कधीतरी तिचे कान हळूहळू मिटत गेले. आधी ती भलतीच उत्तरं द्यायची आणि घरातली पोरं हसायची. मग ती उत्तरं द्यायचीच थांबली, आणि तेव्हा कुणी हसलं नाही. ही बाई पूर्वी काय बोलायची! मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझं गाव, गोत, पगार आणि वजन तिने पाणी प्यायच्या आत काढून घेतलं होतं. ती आता सकाळी भाकर बांधून मेंढरांबरोबर निघून जायची. "माय, या वयात काहून जाती?" असं केरबाने खुणेने विचारलं, तर म्हणाली, "मेंढरं काही इचारत न्हाईत." त्या दिवशी केरबा माझ्या शाळेत आला, वर्गाच्या दारात उभा राहिला आणि पोरांसमोरच म्हणाला, "माय घरात हाय अन् घरात न्हाई. कायतरी करावं लागतंय."

नांदेडच्या डॉक्टरने दिलेलं कानाचं यंत्र कानात शिट्ट्या मारायचं. मायने ते कुठेतरी ठेवून दिलं. कुठे, ते देव आणि उंदीर जाणे. मग केरबाने मांडववाल्याचा पत्र्याचा भोंगा आणून तिच्या बाजेसमोर लावला. मायने दोन्ही कानांवर हात ठेवले. "काहून ओरडून राहिला? म्या बहिरी हाय, येडी न्हाई! आवाज येतो, बोल कळत न्हाई." आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोन विज्ञान नापासांना त्या माउलीने पहिला धडा दिला होता: तिला मोठा आवाज नको होता, साफ आवाज हवा होता.

वाट सापडली ती डिझेलच्या नरसाळ्यात. इंजिनात डिझेल ओतता ओतता केरबाने सहज ते नरसाळं तोंडाला लावलं आणि मायकडे बघून अगदी सावकाश म्हणाला, "माय, जेवली का?" माय म्हणाली, "जेवले. डिझेलचा वास येऊन राहिला, पण बोल कळतो." बस्स. त्या क्षणापासून केरबाला जगात नरसाळ्याशिवाय काही दिसेना.

लाकडाचा मोठा कर्णा करायचा ठरलं. नांदेडच्या भंगार बाजारातून त्याने जुन्या, वाल्वच्या रेडिओतला एक रुंद स्पीकर आणला. साधा कागदी शंकू, त्याच्या मधोमध अजून एक छोटा शंकू. आजकालच्या डब्यांत जाड आवाजाला एक आणि बारीक आवाजाला दुसरा असे वेगवेगळे स्पीकर असतात. हा एकटाच सगळं बोलायचा. मी म्हणालो, जमाना पुढे गेलाय. केरबा म्हणाला, "माणसाला तोंड किती? मंग डब्याला तीन कशाला? मायला माणूस ऐकायचाय, बाजार न्हाई." हा स्पीकर कर्ण्याच्या अरुंद तोंडाशी बसणार, मागे त्याला बंद पेटी, आणि पुढे कर्णा ठरलेल्या प्रमाणात रुंद होत होत खोलीत उघडणार. हे ठरलेलं प्रमाण काढायचं काम चित्रकलेचा मास्तर म्हणून माझ्याकडे आलं. मी शाळेचे ड्रॉइंग पेपर चिकटवून असा वळणदार कर्णा काढला की बघणाऱ्याने फ्रेम करून लावावा. केरबाने प्लाय कापला, ठोकला, जोडला. लावून बघितलं तर रेडिओवरचा निवेदक भुंकायला लागला.

"मास्तर, हा बातम्या सांगून राहिला का राखण करून राहिला?"

मी प्लायला दोष दिला, खिळ्यांना दिला, निवेदकालाही दिला. शेवटी केरबाने कर्णा उभा केला, खालचं तोंड बंद केलं आणि वरून मापाने ज्वारी ओतायला लागला. प्रत्येक मापाला ज्वारी किती चढते ते आम्ही वाकून बघत होतो. अर्ध्यावर गेल्यावर मापांमागून मापं रिती होत होती आणि ज्वारी वर चढायला तयार नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जागा दुप्पट करायची तिथे मी रुंदीही दुप्पट केली होती आणि उंचीही. म्हणजे जागा झाली चौपट. केरबा ज्वारी उपसायला लागला. त्याची बायको शेवंतावहिनी मात्र सुपात ज्वारी परत भरता भरता म्हणाल्या, "बरं झालं, यांनी भाऊजींकडून घराचा नकाशा न्हाई काढून घेतला."

दुसरा कर्णाही ज्वारी ओतून मोजला, तो बराबर झाला. फक्त ठरावीक सुराला त्यातून एक बारीक खुळखुळ यायची. मी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणालो, "हा अनुनाद आहे, केरबा. शास्त्रीय गोष्ट आहे. याला इलाज नाही." केरबाने कर्णा उचलला, उलटा केला आणि आपटला. अनुनादाचे दोन दाणे खाली पडले. कोंबडीने ते लगेच टिपले, त्यामुळे माझ्याकडे पुरावाही राहिला नाही.

मागच्या पेटीत आवाज घुमू नये म्हणून काहीतरी मऊ भरायचं होतं. घरचीच लोकर होती. केरबा ती धुवायला निघाला, तर मी अडवलं. लोकरीतलं नैसर्गिक तेल आवाजाला पोषक असतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं म्हणालो. खरं सांगायचं तर मला ओढ्यापर्यंत चालायचा कंटाळा आला होता. दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी कर्ण्याला कान लावून मी सूक्ष्म फरक ऐकत असताना मला मानेवर काहीतरी सूक्ष्म चालताना जाणवलं. गोचीड! आवाजाआधी तेच बाहेर आले होते. शाळेत मी दिवसभर खाजवत फळ्यावर सफरचंद काढलं आणि पोरांनीही ते तसंच, काटेरी काढलं. मग लोकर उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, पिंजून भरली. हे सगळं मला एकट्याला करायला लावून केरबा बाजेवर बसून बिडी ओढत होता.

कर्ण्याची जागा कोपऱ्यातच हवी होती. "भिंतीबी कर्ण्याच्याच हायेत असं समज," केरबा म्हणायचा. आवाज कोपऱ्यातून निघाला की भिंती त्याला हात धरून पुढे नेतात. पण माजघराच्या त्या कोपऱ्यात मायची धान्याची कणगी होती. ती लग्न होऊन आली तेव्हापासूनची. माय रानात गेल्यावर आम्ही ती चोरासारखी सरकवली. संध्याकाळी माय आली, उंबऱ्यात थांबली. "कान गेले, डोळे हायेत माझे," म्हणाली आणि कुणाकडे न बघता मागे फिरून मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसली. केरबाचं तोंड उतरलं. मला म्हणाला, "हे जर जमलं न्हाई ना मास्तर, तर होती तेवढीबी माय गेली."

आता रेडिओ नको, घरातली माणसं ऐकू यायला हवीत, म्हणून मांडववाल्याचा माइक आला. पहिल्या दिवशी आम्ही माइक कर्ण्यासमोरच धरला. माइकने कर्ण्याचं ऐकलं, कर्ण्याने माइकचं, आणि दोघांनी मिळून अशी किंकाळी फोडली की मेंढरं वाडा फोडून हळदीत शिरली. मग लांब वायर जोडून माइक बाहेर ओसरीत नेला आणि मधलं दार लोटलं. खरं काम यानंतरचं. माय बाजेवर, कर्ण्याकडे पाठ करून. बाहेरून कुणीतरी बोलायचं, आत केरबाने तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं. कपाळाला आठी पडली की पेटी उघडून मूठभर लोकर काढायची. आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटला की चिमूटभर परत भरायची. मुठीमुठीने, चिमटीचिमटीने. शेतातून आला की हेच. इतक्या मायेने तर त्याने कधी हळदही निवडली नव्हती. हे असं आठवडेच्या आठवडे चाललं. माय रुसलेली होती, तरी लेक बोलावतो म्हणून येऊन बसायची. "कोण बोललं माय?" असं त्याने खुणेने विचारलं की हात हलवायची... कुणास ठाऊक.

मग तो दिवस. लोकर थोडी कमी केली होती, कर्ण्याचं तोंड जरा मायच्या बाजेकडे कललं होतं. ओसरीत माइक माझ्या हातात. माझ्या हातात माइक आला की काय होतं ते आमच्या शाळेला विचारा. "आदरणीय धुरपतामाय, आज या ठिकाणी..." अशी मी सुरुवात केली आणि ग्रामीण भागात ध्वनिविज्ञानाचं स्थान इथपर्यंत पोचलो. आतून काही नाही. शेवंतावहिनी चुलीपुढून उठून आल्या, माइक माझ्या हातातून काढून घेतला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "आत्या, चहात साखर टाकू का गूळ?"

आत बाज करकरली. मग मायचा आवाज आला, कर्ण्यातून नव्हे, दारातून.

"गूळ. अन् आलं ठेचून टाक, परवासारखं सबंध नको. अन् त्या मास्तराला म्हणाव, लई लांबण लावतो."

केरबा बाहेर आला. आमच्यापैकी कुणाकडे न बघता बादली उचलली आणि मेंढरांना पाणी पाजायला गेला. मेंढरांना पाणी मी मघाशीच पाजलं होतं. मी त्याला सांगितलं नाही.

त्यानंतर माय रानात गेली नाही. तिच्या मागच्या सगळ्या वर्षांची बाकी तिने बोलून पुरी केली. गल्लीतल्या बाया ओसरीत येऊन माइकवर सुखदुःख सांगायच्या आणि आतून माय सल्ले द्यायची. लोडशेडिंग असलं की ट्रॅक्टरची बॅटरी. फक्त एक नियम आपोआप झाला: माइक एकच, त्यामुळे ज्याच्या हातात तो असेल त्यानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले की मायला नुसता गलका ऐकू यायचा आणि ती कपाळाला आठी पाडायची. केरबाने भांडणसुद्धा तसंच करायला लावलं. शेवंतावहिनी आपलं बोलून माइक नवऱ्याला द्यायच्या, नवरा बोलून परत त्यांना. तुम्ही असं करून बघा. भांडण फार टिकत नाही.

माय गेली ती झोपेत, अगदी शांत. मी केरबाला म्हणालो, आता अजून एक कर्णा करू, जोडी होईल, गाणी ऐकायला बरं. तो म्हणाला, "जोडी कुणाची? हा बोलायला केला व्हता." माइक त्याने मांडववाल्याला परत दिला. कर्णा कोपऱ्यात राहिला. मी गेलो की त्यावर तो रेडिओ लावायचा, हळू, आणि आम्ही दोघं न बोलता ऐकायचो. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

परवा हट्ट्याला जाऊन आलो. दिवसकार्य होऊन गेलं होतं, पण माणसांचं येणं-जाणं होतं. ओसरीत आम्ही दहा-बारा जण. मी अनेक घरी असा बसलो आहे. सगळे एकदम बोलतात, कुणाचंच ऐकू येत नाही, आणि माझ्यासारख्याला ते सोयीचं पडतं. इथे मात्र उज्ज्वला बोलत होती तर बाकी सगळे गप्प. तिचं संपल्यावर तिने वळून धाकट्या भावाकडे बघितलं. मग त्याने सुरू केलं, हळू, एकेक शब्द सुटा, तोंड समोरच्याकडे करून. तो अडखळला, रडला, तरी मधे कुणी पडलं नाही. उज्ज्वलाचं लहानगं लेकरू, ज्याने पणजीला पाहिलंसुद्धा नाही, तेही मामाचं संपेपर्यंत ओठ दाबून बसलं होतं आणि मग म्हणालं, "आता मी?" त्या घरात कुणाला यात काही वेगळं वाटत नव्हतं.

मग शेवंतावहिनी माझ्याकडे वळल्या. "बोला भाऊजी."

सगळ्यांनी माझ्याकडे तोंडं केली. केरबाबद्दल मला इतकं सांगायचं होतं, ज्वारीचं, गोचिडांचं, नरसाळ्याचं. येताना बसमध्ये मी ते ओळीने लावलंही होतं. मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही... चहा निवला. बाहेर मेंढरं परतायला लागली. कुणी घसा खाकरला नाही, कुणी माझ्याऐवजी बोललं नाही, कुणी विषय बदलला नाही. सगळे ऐकत बसले होते.