ज्याच्यावर जादू होते त्याची ओळ

जादूला तीन ओळी लागतात. जो करतो त्याला एक दिसते, ज्याच्यावर होते त्याला दुसरी, आणि खोलीत जे नुसतेच उभे असतात त्यांना तिसरी. हे मला कुणा मांत्रिकाने शिकवलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, राहुरी तालुक्यात, साखर कारखान्याला लागून असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबची इन्चार्ज होते, तिथे शिकले. इन्चार्ज म्हणजे चपला बाहेर काढायला लावणं, एसीचं टपकणारं पाणी बादलीत धरणं आणि पोरांच्या फ्लॉपीतले व्हायरस मारणं. गाळपाच्या हंगामात एसीतूनसुद्धा मळीचा वास यायचा.

शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पुण्याच्या कुणा सीनियरकडून तो खेळ आणला. राक्षस, गुहा, जादूगार, सगळं होतं, फक्त चित्र एकही नव्हतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची: तुम्ही गुहेत आहात, उत्तरेला दार आहे. आपण 'उत्तर' टाइप केलं की दारापलीकडे शेजारच्या मशीनवरचाच मुलगा राक्षसाशी झुंजत असायचा. सगळे एका सर्व्हरवर, एकाच जगात. नगरच्या एका कॉलेजातली दोघं मोडेम लावून फोनच्या वायरीने यायची, आणि फोन कटला की लढाईच्या मधोमध नुसतीच उभी राहायची. त्यांना कुणी मारू नये असा आमच्याकडे नियम होता.

खेळ इंग्रजीत होता. मुलांना तो मराठीत हवा होता, रोमन अक्षरांत का होईना. मी म्हटलं, पाचनंतर खुशाल खेळा, पण जादूच्या ओळी मी लिहिणार. कारण त्यांनी लिहिलेला अग्निबाण मी वाचला होता. ओळ कसली, चांगल्या आठ ओळी होत्या. आकाश फाटलं, धरणी हादरली, आगीचा डोंब उसळला, आणि शेवटी मूठभर उद्गारचिन्हं.

"यात्रेतल्या शोभेच्या दारूचं कंत्राट घेतलंय का?" मी विचारलं.

खेळाचा कर्ताधर्ता श्रीगोंद्याचा एक मुलगा होता. तो म्हणाला, "जादू म्हटल्यावर दिसाया नको का, मॅडम?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर त्यालाच एका संध्याकाळी मिळालं. एका गुहेत चौघांनी एकदम अग्निबाण सोडले. आठ चोक बत्तीस ओळी पडद्यावरून सरसर वर गेल्या आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यातल्या मशीनवरच्या मुलीची एक छोटी ओळही गेली: तुमचं रक्त संपत आलं आहे. ती मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, मी मेले कधी तेच मला कळलं नाही."

त्यानंतर नियम झाला. प्रत्येकाला एकच ओळ. उद्गारचिन्ह बंद. आणि आगीला आग म्हणायचं नाही. सोडणाऱ्याला लिहायचं, तुझा तळवा तापतो. ज्याला लागली त्याला, तुझी बाही पेटते. बघणाऱ्यांना, भिंतीवर सावल्या उडतात. तोच एक बाण, पण तुम्ही कुठे उभे आहात त्यावर तो कसा दिसणार ते ठरतं. मुलांनी आधी कुरकुर केली. मग आठवड्याभरात बाही पेटण्याची त्यांना इतकी धास्ती बसली की ते गुहेत शिरण्याआधी एकमेकांना सावध करू लागले.

मला या ओळी बऱ्या जमायच्या. त्याचं कारण काही प्रतिभा वगैरे नव्हतं. मला त्या काळात काहीच वाटत नव्हतं. ज्याला काही वाटत नाही त्याला आटोपशीर लिहिता येतं.

घरी, देवळाली प्रवऱ्याला, आई अंथरुणावर होती. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. दिवसा शेजारच्या मावशी बसायच्या, बाकी मी. सकाळी अंग पुसायचं, बेडपॅन द्यायचं, कूस बदलायची, पेज भरवायची, पाठीला पावडर लावायची. सुरुवातीला मी हे सगळं बोलत बोलत करायचे. उत्तर येत नाही म्हटल्यावर बोलणं बंद झालं, आणि त्याच्या मागोमाग वाटणंही. पगार झाला तर पगार झाला. आंबा खाल्ला तर गोड आहे एवढं कळायचं.

रविवारी उपासनेनंतर चर्चमधल्या बायका यायच्या. आईभोवती उभ्या राहून प्रार्थना करायच्या, "देवबापा, तुझ्या या लेकीवर दया कर." त्यांचे डोळे भरून यायचे. निघताना दारात माझा हात हातात घेऊन एखादी म्हणायची, "किती करतेस गं आईचं!" मी ट्रेमधले रिकामे कप सावरत उभी असायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आला की बरं वाटायचं, कारण तेवढं तरी काहीतरी वाटलेलं असायचं.

त्या बायकांना त्यांची ओळ दिसत होती. मला माझी दिसत होती, पाणी, फडकं, पावडर. आईला काय दिसत होतं हे मला माहीत नव्हतं. तिच्यापर्यंत काही पोचतं की नाही, की मी नुसतंच एक शरीर पुसते आहे, एवढंच मला त्या दिवसांत खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि विचारायची सोय नव्हती.

खेळात बरं करण्याची एक जादू होती. करणाऱ्याची ओळ मी लिहिली: तू कपाळावर हात ठेवतोस. बघणाऱ्यांची लिहिली: अमक्याच्या चेहऱ्यावर रंग परत येतो. मधली, ज्याला बरं केलं त्याची, रिकामी सोडली.

श्रीगोंद्याचा मुलगा दुसऱ्याच दिवशी आला. "मॅडम, मला बरं केलं तरी मला कळलंच न्हाई. रक्ताचा आकडा तेवढा वाढला. तुमी तिथं काय लिवलंच न्हाई."

"लिहीन," मी म्हटलं.

"बरं झाल्यावर कसं वाटतं ते लिवा की. आं?"

"लिहीन म्हटलं ना."

तो गेला. मला त्याच्यावर खेकसायचं कारण नव्हतं. माझं स्वतःचं पात्र अ‍ॅडमिनचं होतं आणि अ‍ॅडमिनवर कुठलीच जादू लागू होत नाही, ना आगीची, ना बरं करण्याची. 'मॅडमवर जादू चालत न्हाई' हा त्यांचा आवडता विनोद होता. मधली ओळ मला कधी दिसतच नव्हती, तर ती लिहायची कशी?

आता आईचं थोडं सांगायला हवं. ती मिशनच्या दवाखान्यात सिस्टर होती. इंजेक्शन देण्याची तिची एक पद्धत होती. सुई उजव्या हातात धरायची, आणि डाव्या हाताचं बोट पेशंटच्या दंडावर दोनदा टेकवायची, जिथे टोचायचं बरोबर तिथे. म्हणायची, "आता थोडं दुखेल, मग थांबेल." लहानपणी शाळा सुटल्यावर मी दवाखान्याच्या बाकावर बसून हे पुष्कळदा पाहिलं होतं. दुसरी सिस्टर 'काही होत नाही, काही होत नाही' म्हणत टोचायची आणि पोरं दवाखाना डोक्यावर घ्यायची. आईकडेही रडायची, पण हिसका कुणी देत नसे. मी एकदा तिला विचारलं होतं, दुखेल असं कशाला सांगतेस. ती म्हणाली, "नाही सांगितलं तर पुढच्या वेळी माणूस सुईला नाही, आपल्याला भितो."

एका गुरुवारी मी लॅबमधून घरी आले तर मावशी म्हणाल्या, "आज सिस्टर लई बोट आपटीत हुत्या गादीवर. काय पायजेल ते कळंना."

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की अशा हालचाली आपोआप होतात, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं नाही. भात लावला, आईची कूस बदलायला वाकले. तिचा डावा हात वर आला, माझा दंड शोधू लागला, सापडला, आणि तिचं बोट दोनदा टेकलं. ती माझ्याकडे बघत होती.

"काय गं? पाणी हवंय?"

मी चमच्याने पाणी दिलं. तिने ते ओठाच्या कडेने सांडू दिलं. पुन्हा बोट उचललं, पुन्हा दोनदा टेकवलं. मी म्हटलं, "बरं, बरं," आणि हात चादरीखाली ठेवला, कारण कुकरची शिट्टी झाली होती.

सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा आई गेलेली होती.

दफनाला बरीच मंडळी आली. पाळकसाहेब चांगलं बोलले. बायका मला कवटाळून म्हणाल्या, रडून घे, मोकळी हो. मी डोळ्यांना रुमाल लावला, तो खोलीत जे नुसतेच उभे असतात त्यांच्यासाठी. रुमाल कोरडाच होता. पेटीवर माती पडल्याचा आवाज मी ऐकला आणि मनात आलं की माती ओलसर आहे. याच्या पलीकडे काही नाही.

त्या आठवड्यातच मला ताप भरला. बाजारपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. तिथली सिस्टर कंपाउंडरशी बोलत आली, बाही वर केली आणि न सांगता सुई खुपसली. मी एवढा जोरात हिसका दिला की कापसाचा डबा खाली पडला. "एवढ्या मोठ्या झालात तरी!" ती म्हणाली. मी दंड धरून तशीच बसून राहिले. जिथे टोचलं होतं, बरोबर तिथेच आईचं बोट दोनदा टेकलं होतं. पाणी नको होतं तिला. तिचा टोचणारा हात गेला होता, पण सांगणारा हात शाबूत होता, आणि ती मला सांगत होती.

डॉक्टर अजूनही म्हणतील, आपोआप होतं. डॉक्टरांना बोटं माहीत असतील. आई मला माहीत होती.

घरी येऊनही मी रडले नाही. एवढं कळूनही आत सगळं तसंच होतं, बंद. ताप उतरल्यावर लॅबला गेले आणि पाचनंतर, मुलं यायच्या आधी, ती रिकामी जागा भरली. मग श्रीगोंद्याच्या मुलाला बोलावून दाखवली. त्याने ओठ हलवत वाचली.

"बरं व्हताना दुखतं व्हय, मॅडम?"

"दुखतं."

आईचं त्याला माहीत होतं, दफनाला तो मागे उभा होता. तो म्हणाला, "ओळ नीट पडती का बघाया पायजे. पण तुमच्यावर तर चालत न्हाई."

मी अ‍ॅडमिनमधून बाहेर पडले. साधं पात्र केलं, नाव दिलं पाहुणी. गुहेत गेले, राक्षसाकडून दोन फटके खाल्ले आणि भिंतीशी उभी राहिले. सात-आठ मुलं आपापल्या मशीनवरून त्याच गुहेत येऊन थांबली. समोरच्या रांगेतून त्याच्या कीबोर्डचा आवाज आला, आणि माझ्या पडद्यावर हिरवी अक्षरं एकेक करत उमटली.

कुणीतरी तुझ्या दंडावर दोनदा बोट टेकवतं. आता थोडं दुखेल, मग थांबेल.

अक्षरं माझीच होती, रोमनमधलं वेडंवाकडं स्पेलिंगही माझंच. पण ती माझ्याकडून निघत नव्हती, माझ्याकडे येत होती. मी कीबोर्डवर डोकं टेकवलं आणि रडले, हुंदके देऊन, आवाज करून, एसीच्या घरघरीत दडणार नाही असा. खूप दुखलं.

"ओळ पडली का, मॅडम?" त्याने पलीकडून, मान वर न काढता विचारलं.

"पडली," मी म्हटलं.

मुलांपैकी कुणीही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. सगळे आपापल्या पडद्याकडे बघत बसून होते, आणि त्यांच्या पडद्यांवर त्यांची ओळ आलेली होती: पाहुणीच्या चेहऱ्यावर रंग परत येतो.