दोघींच्या खोलीतला सुगंधी दिवा

अहेरीला माझी नेमणूक झाली तेव्हा मला राहायला खोली मिळाली ती एकीच्या सोबतीनं. दहा बाय दहाची खोली, दोन पलंग, कोपऱ्यात ओटा आणि एक खिडकी. खिडकी उघडली की डास येत, म्हणून ती बंदच असायची. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायची. रक्ताचे नमुने घ्यायचे, मलेरियाच्या स्लाइड तपासायच्या. मी चंद्रपूरची, शहरातच वाढलेली. माझी सोबतीण भामरागडकडच्या जंगलातल्या गावातली. घरी गोंडी बोलायची, माझ्याशी झाडीपट्टीतलं मराठी. ती बायकांच्या बचत गटांचं काम बघायची. सकाळी स्कूटी काढून गावोगाव जायची आणि संध्याकाळी धुळीनं लाल होऊन यायची.

तिच्या कामाचा अर्धा पसारा आमच्या खोलीतच असे. बायका जंगलातून जे गोळा करत, वाळवत, त्याचे नमुने ती व्यापाऱ्यांना दाखवायला आणायची. उन्हाळ्यात मोहफुलांची पिशवी, पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मिठाच्या पाण्यात घालून ठेवलेले. सिरोंच्याकडच्या एका गटातून सुके झिंगे, म्हणजे वाळवलेली लहान कोळंबी, येत. ते तिला फार आवडत. आठवड्यातून दोनदा ती कांदा घालून झिंगे परतायची, आणि बंद खिडकीच्या त्या खोलीत तो वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहायचा. माझ्या ड्रेसला, उशीला, केसांना.

मी तिला कधी काही बोलले नाही. माणूस म्हणून ती फार चांगली होती. मला ताप आला तेव्हा तीन दिवस सुट्टी घेऊन तिनं माझं केलं. अशा माणसाला वासाबद्दल काय सांगायचं, असं मला वाटायचं. आता कळतं की तो चांगुलपणा नव्हता, ती भीती होती. पण तेव्हा मी स्वतःला समजूतदार समजत होते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा वहिनीच्या खोलीत पहिल्यांदा तो दिवा पाहिला. खाली छोटा बल्ब, वर चिनीमातीची वाटी. वाटीत थोडं पाणी आणि सुगंधी तेलाचे दोन-तीन थेंब. बल्बच्या उबेनं तेल तापतं आणि खोलीभर वास पसरतो. धूर नाही, राख नाही. त्याच संध्याकाळी मी बाजारात गेले.

दुकानदार वयस्कर आणि बोलका होता. त्यानं मेणबत्तीवर चालणारा दिवा दाखवला. मी म्हटलं, आमच्याकडे वीज सारखी जाते, हाच बरा. त्यानं विचारलं, मच्छरदाणी लावता का. लावतो म्हटल्यावर त्यानं तो बाजूला ठेवून दिला. लहान खोलीत मच्छरदाणीजवळ उघडी ज्योत नको, असं तो म्हणाला. मग विजेचा दाखवला. खोली केवढी, खिडकी कुठे, असं विचारत गेला. तेल निवडायची वेळ आली तेव्हा म्हणाला, खोलीत आणखी कोणी राहत असेल तर त्यांना विचारून घ्या. कोणाला मोगरा चालतो, कोणाचं त्यानं डोकं दुखतं. मी पटकन म्हणाले, एकटीच राहते. असं का म्हणाले ते दुकानातून बाहेर पडेपर्यंत माझं मलाच कळलं नाही. विजेचा दिवा आणि मोगऱ्याच्या तेलाची बाटली घेऊन मी घरी आले.

अहेरीला पोचल्यावर मी दिवा तिच्या आणि माझ्या पलंगांच्या मधल्या स्टुलावर ठेवला. तिनं तो हातात घेऊन नीट पाहिला. हे कशासाठी, असं विचारलं. मी सांगितलं, यानं डास कमी होतात. तिनं मान हलवली आणि दिवा जपून होता तिथे ठेवला.

त्यानंतर खोली बदलत गेली. मोहफुलांची पिशवी दिसेनाशी झाली. वास्त्यांची बरणी गेली. ती संध्याकाळी आल्या आल्या आंघोळ करू लागली, बाहेरचे कपडे ओसरीतल्या दोरीवरच ठेवून आत यायची. स्वयंपाकात वरण-भात आणि भाजी, बस. मला वाटलं, तिचा कामाचा हंगाम संपला असेल. खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नाही. दारातून आत शिरलं की मोगरा यायचा आणि मी खूश व्हायची. तीनेक आठवडे मी तशीच खूश होते.

डिसेंबरात थंडी पडली. एका सकाळी पाहिलं तर तिचं अंथरूण ओसरीत होतं. विचारलं तर म्हणाली, आत उकडते. आदल्या रात्री मी दोन चादरी घेऊन झोपले होते. तरी मी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

त्या आठवड्यात घरमालकीण काकू मला अंगणात भेटल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमच्यात काई झालं का? तिनं मले इचारलं, काकू, माह्या अंगाचा वास येते का हो?"

लॅबमध्ये गेल्यावर त्या दिवशी मी एकच स्लाइड तीनदा पाहिली. मोहफुलांची पिशवी आणि बरणी काकूंच्या लाकडं ठेवायच्या छपरीत होती, हेही त्यांनीच सांगितलं. तिनं ती तिथे नेऊन ठेवली त्याला महिना होत आला होता.

रविवारी दुपारी ती अंगणात चटई टाकून हिरडा निवडत बसली होती. किडका बाजूला, चांगला सुपात. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि मूठभर हिरडा पुढ्यात ओढला. बराच वेळ आम्ही दोघी निवडत राहिलो. शेवटी मी म्हणाले, दिवा मी डासांसाठी आणला नव्हता.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस. ती म्हणाली, तू तरी कुठी बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. हात थांबले नव्हते.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. कॉलेजात असताना ती तालुक्याच्या गावी होस्टेलात राहायची. तिच्या खोलीतली एक मुलगी रोज सकाळी स्वतःच्या अंथरुणावर पावडर शिंपडायची. मग हळूच वाकून हिच्याही अंथरुणावर शिंपडायची. कधी तोंडातून वाईट शब्द काढला नाही. हसून बोलायची, वह्या द्यायची. पण पावडर रोज.

"दोन वर्सं टाके ती पावडर," ती म्हणाली. "मी दिवसातून दोनदा आंगोळ करो. तरी टाके. तुह्यं मशीन पाहून मले तेच आठोलं."

मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडणं म्हणजे तिलाच माझी समजूत काढायला लावणं झालं असतं. म्हणून मी मान खाली घालून हिरडा निवडत राहिले. जे खरं होतं ते सांगितलं. झिंग्यांच्या वासाचा मला त्रास व्हायचा. तिच्या अंगाचा वास मला कधीच आला नाही. आणि दुकानदारानं विचारलं तेव्हा मी एकटीच राहते असं सांगितलं, हेही सांगून टाकलं. ते ऐकून तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तुह्या अंगाले दवाखान्याचा वास येते, तुले मालूम हाय का?"

मला मालूम नव्हतं. मी रोज हात धुऊन, एप्रन तिथेच काढून यायची. ती म्हणाली, स्पिरिटचा, फिनाईलचा, अजून कसला तरी. तिचा बाप दवाखान्यात वारला होता. मी आत आले की पहिल्या महिन्यात तिला रोज त्या वॉर्डाची आठवण यायची.

"मग सांगायचं ना," मी म्हणाले.

"काय सांगाचं? तो तुह्या कामाचा वास हाय. माह्या पिशवीतला माह्या कामाचा. कामाले काय नाव ठेवाचं?"

मी उठले, आत गेले आणि दिव्याची पिन काढली. तो काकूंच्या मुलीला देऊन टाकते, असं म्हणाले. तिनं अडवलं. वस्तूचा काय दोष, म्हणाली. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा खोलीला कुबट वास येतोच, तेव्हा कामाला येईल. पण मोगरा नको. मोगऱ्यानं तिचं कपाळ ठणकायचं, म्हणून ती बाहेर झोपत होती. उकडण्याचं निमित्त खोटं होतं, हे कारण मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी अहेरीच्या बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे काचेच्या कपाटात सुगंधी तेलाच्या छोट्या बाटल्या होत्या. ती एकेक झाकण उघडून वास घ्यायची आणि निकाल द्यायची. गुलाबाला म्हणाली, लग्नाघरी बसल्यासारखं वाटते. चंदनाला म्हणाली, मयतीच्या घरचं. केवड्याच्या बाटलीनं तिला चार शिंका आल्या आणि दुकानदारानं बाटली काढून घेतली. शेवटी गवती चहाच्या तेलावर आमचं दोघींचं एकमत झालं. ती म्हणाली, हा वास बाहेरचा वाटते, खोलीत कोंडल्यासारखा नाई.

मग तिनंच आणखी एक सुधारणा केली. आमच्या दिव्यातला बल्ब मोठा होता. वाटी फार तापायची आणि तेलाचा वास एकदम अंगावर यायचा. लहान खोलीला तेवढ्याची गरज नव्हती. बाजूच्या विजेच्या दुकानातून आम्ही दिव्यात बसेल असा लहान बल्ब घेतला. तेलाचे दोनच थेंब, अर्धा तास, मग बंद, असा नियम ठरला. स्टूल पलंगांच्या मधून काढून दाराजवळ नेलं. खिडकीला सुताराकडून जाळी ठोकून घेतली, तेव्हा लक्षात आलं की वर्षभर ही खिडकी उघडी राहू शकत होती. आम्हा दोघींपैकी कुणालाही ते सुचलं नव्हतं.

एकदा तिला वाटलं, गावाकडे देवापुढे राळ जाळतात, ती या वाटीत टाकून पाहू. मला धुराची भीती वाटली, पण मी काही बोलले नाही, मग आधी गप्प राहण्यानं काय झालं ते आठवून बोलले. ती म्हणाली, धूर कुठून येईल, आगच नाई. धूर आला नाही खरा. राळ अर्धवट वितळली आणि वाटीला अशी चिकटली की आम्ही दोघी गरम पाण्यात ठेवून, चमच्यानं खरवडून दमलो. वाटीच्या तळाला पिवळा डाग राहिला तो राहिलाच. त्या संध्याकाळी आम्ही खूप हसलो.

पण सगळं पूर्वीसारखं झालं असं मला म्हणता येणार नाही. पिशव्या खोलीत परत आल्या, बरणी आली, तिचं अंथरूण आत आलं. झिंगे मात्र तिनं पुन्हा त्या ओट्यावर कधी केले नाहीत. मी कितीदा म्हटलं. खिडकी उघडी ठेवू म्हटलं, मी स्वतः परतते म्हटलं. ती हसून विषय बदलायची. करायचेच असले तर काकूंच्या अंगणातल्या चुलीवर करायची आणि मला जेवायला तिकडे बोलवायची. आम्ही तिथे बसून पोटभर खायचो. पण एकदा जे ओट्यावरून उचललं गेलं ते माझ्या म्हणण्यानं परत ठेवलं गेलं नाही. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी तिची बदली सिरोंच्याला झाली. महिन्यातून एकदा फोन होतो. तिथे ती आता तेलुगू शिकते आहे.

तिच्या जागी लॅबमधलीच एक नवी मुलगी राहायला आली. पहिल्याच संध्याकाळी मी तिला समोर बसवून विचारलं, तुला कशाचा वास सहन होत नाही ते आत्ताच सांग, मनात ठेवू नकोस. ती गोंधळली. काही नाही ताई, म्हणाली. मी म्हटलं, विचार कर, घाई नाही. दोन दिवसांनी ती चाचरत म्हणाली, "ताई, तुम्ही रात्री डोक्याले ते मेथी घातलेलं तेल लावता ना."

ते तेल माझी आई मला कढवून पाठवते. मी लहानपणापासून लावते. त्याला वास येतो हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. जरा लागलंच मनाला. पण दुसऱ्या दिवसापासून मी बाटली घेऊन ओसरीत बसू लागले, आणि ती मुलगी कधीकधी बाहेर येऊन माझ्या वेणीचे गुंते सोडवून देऊ लागली.