किल्लीला बांधलेलं बूच

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की आत पाणी साचू नये म्हणून आमच्याकडे तिच्या तळाचं बूच काढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला मोठ्या काकांनी समुद्राला नारळ दिला, होडी लोटली आणि बूच राहिलं घरात. कमरेएवढ्या पाण्यातच होडी बसली.

"तुझं वय झालं. सुकाण सोड आणि जाळी शिवत बस," धाकटे काका त्यांना म्हणाले.

होडीवाल्यांची बैठक भरली. मोठ्या काकांना सुकाणावरून उतरवायचं आणि 'सर्वांनी लक्ष द्यावे' असा फलक लावायचा, असं ठरत आलं. मागे दुसऱ्या कुणाची होडी अशीच बसली तेव्हाचा फलक तिथेच होता, त्यालाच रंग द्यायचा होता.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, मला गप्प बसवेना. म्हटलं, "माणूस विसरणारच. बूच इंजिनाच्या किल्लीला बांधा. किल्ली घेतली की बूच आपोआप हातात येईल."

"एवढ्यासाठी कॉलेजात गेलीस काय गो?" धाकट्या काकांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

बूच किल्लीला बांधलं आणि काकांचं सुकाण राहिलं. पुढच्या वर्षी होडी कोरडी निघाली. धाकटे काका सगळ्यांना सांगत होते, यंदा नारळ मोठा दिला होता.