बायापूर नावाचं गाव

कोकणातून नोकरीसाठी अकोल्याला आलो, त्याला महिना झाला होता. डोळ्यांच्या एका दवाखान्यात पेशंटचं नाव, वय, गाव कॉम्प्युटरवर चढवायचं काम. दिवसभर हेच तीन प्रश्न विचारायचो. खोलीवर गेलो की तेवढंही बोलणं नसायचं.

एका सकाळी एक म्हातारी एकटीच आली. बोटं झेंडूच्या देठांनी हिरवट झालेली.

"गाव?"

"बायापूर."

कॉम्प्युटरमधल्या गावांच्या यादीत बायापूर नव्हतं. तीनदा शोधलं. मागची रांग चुळबुळायला लागली.

"आजी, असं गावच नाही. आधार कार्ड घेऊन या."

"गाव नाई? मंग मी कुठून आली बाप्पा?" म्हणत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती कार्ड घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं, बाळापूर.

"तेच तं म्हनून राह्यली होती मी काल."

इथे ळचा य होतो हे मला ठाऊक होतं. 'डोया दुखते' म्हणणारे रोज समोर उभे असायचे. पण गावाच्या नावाचंही तसंच होईल, हे सुचलं नव्हतं. माझ्यामुळे फुलं विकणाऱ्या बाईचे दोन दिवस मोडले. मी माफी मागितली.

"जाऊ दे बाबू, तू नवा हायेस," ती म्हणाली.

त्यानंतर मी नीट कान देऊ लागलो. इवरखेड म्हणजे हिवरखेड, रितपूर म्हणजे रिद्धपूर. संध्याकाळी खोलीत ती नावं मोठ्याने म्हणून बघायचो. ऐकायला कुणी नव्हतंच.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर ती म्हातारी तपासणीला आली तेव्हा काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, "एखांद्या दिवशी घरी ये. फुलवालीचं घर म्हन, कोनीबी सांगते."

इतक्या दिवसांत मला कुणी घरी ये म्हटलं नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी, एका रविवारी, इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. एसटीत कंडक्टरला ऐटीत म्हणालो, "एक बायापूर."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाळापूर का, सर?" ळ अगदी स्वच्छ काढला त्याने. मी पैसे पुढे केले.

फुलवालीच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "थे तं उमरावतीले गेली, लेकीकडं. आता दिवायीलेच येते."

माझा चेहरा बघून तिने मला ओट्यावर बसवलं, चहा आणून दिला.

"तुमचं गाव कोनतं, भाऊ?"

"चिपळूण."

"चिपयून," ती म्हणाली. "लय दूर हाय का?"

"लांब आहे."

दुरुस्त करावंसं वाटलं नाही. रोज शेकडो लोकांना गाव विचारणाऱ्या मला माझं गाव पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. कप रिकामा झाला तरी बसून राहिलो. मग आत कुकरची शिट्टी झाली, तिला काम असेल असं वाटलं, आणि उठलो.